गेनेतेका: पोलिश कुळशोधाची फुकट किल्ली, पण घर मिश्र असेल तर अर्धंच दार उघडतं

पोलिश पूर्वज शोधायला बसलेल्या माणसाने सगळ्यात आधी गेनेतेका ही वेबसाइट उघडावी, यात वाद नाही. पोलंडच्या वंशावळ संघाचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं चर्चच्या आणि सरकारी नोंदवह्यांतून जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी एकेक करून टंकत आले आहेत, आणि ती सगळी सूची इथे शोधता येते. पैसे नाहीत, खातं उघडायला नको, जाहिरातींचा मारा नाही. दिसायला जुनाट आहे, पण चालते झकास. नुसतं साधन म्हणून पाचपैकी साडेचार गुण.

अर्धा गुण कापला तो दिसण्यासाठी नव्हे. गेनेतेकात जे भरलंय ते मुख्यतः रोमन कॅथलिक पॅरिशांचं (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं), आणि त्यातही पूर्वीच्या रशियन ताब्यातल्या पोलंडचं (पोलंड तेव्हा रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांनी वाटून घेतला होता): वॉर्सा आणि माझोव्शे, वूच, लुब्लिन, तो सगळा पट्टा. घरात एक आजी लुथरन (प्रोटेस्टंट), एक पणजोबा ग्रीक कॅथलिक (पोपला मानणारा, पण उपासना पूर्वेकडच्या पद्धतीने करणारा पंथ), एखादी शाखा ज्यू असेल तर यातल्या कॅथलिक फांदीला भरघोस पानं फुटतात आणि बाकीच्या फांद्या वाळल्यासारख्या दिसतात. शोधणारा मग खुशाल म्हणतो, "आम्ही शंभर टक्के पोलिश." तसं नसतं. सूचीत जे आलं तेवढंच त्याला दिसलेलं असतं.

शोध कसा लावायचा

पहिल्या पानावर प्रांतांचा नकाशा आहे, वॉर्सा शहर वेगळं, आणि युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया यांचेही कप्पे आहेत. हे प्रांत आजचे, जुने नव्हेत, त्यामुळे पूर्वजांच्या कागदावर 'रशिया' किंवा 'ऑस्ट्रिया' लिहिलं असेल तर गाव आज कुठल्या प्रांतात येतं ते आधी ठरवायचं. इथेच बरेचजण घसरतात. नोवा व्येश, वोला, दोंब्रोवा या नावांची गावं पोलंडमध्ये डझनांनी आहेत. नुसत्या गावाच्या नावावर प्रांत निवडू नका. तालुका, जवळचं मोठं गाव, नाहीतर पॅरिशचं नाव, यातलं काहीतरी एक हातात हवंच. रशियन, ऑस्ट्रियन आणि प्रशियन अशा तिन्ही भागांसाठी १८८० ते १९०२ या काळात निघालेला पोलिश भौगोलिक कोश अजून कामाला येतो. गाव कुठल्या पॅरिशमध्ये, किती घरं, हे तो पुष्कळदा सांगतो. जर्मन साम्राज्यातल्या गावांसाठी मायरचा १९१२ चा गावकोश जास्त बरा.

आडनाव टाकलं की पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूपं गेनेतेका आपणहून धरते. कोवाल्स्की टाकलं की कोवाल्स्काही येते. 'अचूक शोध'च्या चौकोनात खूण केली की हे बंद होतं, म्हणून सुरुवातीला तो मोकळाच ठेवा. शेवट बदलणारी आडनावं असतील तर मूळ शब्दापुढे तारांकन द्या: कोवाल*. बायकांच्या आडनावात '-ओवा' म्हणजे अमक्याची बायको, '-ऊव्ना' म्हणजे अमक्याची मुलगी. नोवाकोवा आणि नोवाकूव्ना या एका घरातल्या सासू-नणंद असू शकतात, एक बाई नव्हे.

खरी ताकद 'जोडी म्हणून शोध' या पर्यायात आहे. नवऱ्याचं आडनाव एका रकान्यात, बायकोचं माहेरचं आडनाव दुसऱ्यात, आणि चौकोनात खूण करायची. जन्मांच्या यादीत त्या जोडप्याची सगळी मुलं एका रांगेत उभी राहतात. उदाहरणादाखल कोवाल्स्की आणि शुल्त्स असं जोडपं घ्या. मुलं सापडली १८६७, १८६९, १८७१, आणि मग एकदम १८७७. दर दोन वर्षांनी पाळणा हलत असताना मध्येच सहा वर्षांची पोकळी. आता हे वाचायचं कसं? तीन शक्यता. त्या वर्षांची वही टंकलेलीच नाही. किंवा घर दुसऱ्या पॅरिशमध्ये गेलं. किंवा मधल्या मुलांचा बाप्तिस्मा दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये झाला, आणि शुल्त्स हे जर्मन आडनाव पाहता ही तिसरी शक्यता बाजूला टाकण्यासारखी नाही.

पहिली शक्यता दोन मिनिटांत तपासता येते. पॅरिश निवडली की तिची कुठली वर्षं सूचीत आहेत ते जन्म, लग्न, मृत्यू असं वेगवेगळं दाखवलेलं असतं. ते न पाहता "नोंद नाही" म्हणणं म्हणजे अर्धं कपाट धुंडाळून वस्तू हरवली म्हणणं. दुसऱ्या शक्यतेसाठी आजूबाजूच्या १५ किलोमीटरमधल्या पॅरिश एकदम शोधायचा पर्याय आहे. तिसरीसाठी पॅरिशांच्या यादीत जवळची लुथरन किंवा ऑर्थोडॉक्स पॅरिश शोधावी लागते, आणि ती सूचीत असेलच असं नाही.

लग्न साधारणपणे वधूच्या पॅरिशमध्ये लागायचं. नवऱ्याच्या गावी लग्नाची नोंद न मिळणं हा पुरावा नव्हे, ते अपेक्षितच आहे.

आणखी काही बारीक खाचा. सूचीतलं साल नोंद लिहिल्याचं असतं, घटनेचं नव्हे. डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल पुढच्या सालात सापडतं, आणि ज्यू घरांत तर चार-पाच मुलांची नोंद एकाच दिवशी, वर्षानुवर्षं उशिरा झालेली दिसते. काही वह्यांची सूची नुसत्या वर्षअखेरच्या अनुक्रमणिकेवरून केलेली आहे. तिथे आई-बापांचे रकाने कोरे असतात, म्हणजे जोडीचा शोध तिथे आंधळा. ओळीच्या शेवटी छोटी चिन्हं असतात. त्यांवर माऊस नेला की शेरा, मूळ वही कुठल्या संग्रहात आहे, असं कळतं. शेरे वाचाच. 'विधुर', 'नवरदेव इव्हँजेलिकल' (प्रोटेस्टंट), 'जन्म अमक्या गावी' असली सोन्यासारखी माहिती तिथेच दडलेली असते.

सूचीवरून कागदाकडे

सूची म्हणजे पुरावा नव्हे. ओळीत 'स्कान'चं बटण असेल तर मूळ पान एका टिचकीवर उघडतं. नसेल तर साल, पॅरिश आणि नोंद क्रमांक घेऊन पोलंडच्या सरकारी अभिलेखागारांच्या 'शुकाय व आर्खिवाख' या संकेतस्थळावर जायचं. तेही फुकट आहे, पानं उतरवूनही घेता येतात. शोध मात्र तिथे माणसाच्या नावावर लागत नाही, वहीवर लागतो. हे समजलं नाही की लोक आडनाव टाकून कंटाळतात आणि संकेतस्थळाला नावं ठेवतात. वहीची ओळख म्हणजे तिरक्या रेघांनी तोडलेला आकडा: आधी अभिलेखागाराचा क्रमांक (७२ म्हणजे वॉर्सा), मग संग्रहाचा, उपसंग्रहाचा, मालिकेचा आणि शेवटी त्या एका वहीचा. हा आकडा स्वतःकडे टिपून ठेवा. पुढे कुणालाही काही विचारायचं झालं तर पहिला प्रश्न हाच येतो. फॅमिलीसर्च या कुळशोधाच्या संकेतस्थळावरही बऱ्याच पोलिश वह्यांची चित्रं आहेत, खातं फुकट, पण काही चित्रं त्यांच्या केंद्रात जाऊनच पाहता येतात.

रशियन ताब्यातल्या भागात नेपोलियनच्या कायद्यामुळे १८०८ पासून परिच्छेदवजा नोंदी आहेत, आणि १८६८ पासून त्या रशियनमध्ये. घाबरायचं कारण नाही. साचा ठरलेला आहे: कुठे घडलं, तारीख, कोण हजर, त्याचं वय आणि धंदा, दोन साक्षीदार, मग वर-वधू आणि त्यांचे आई-बाप, तीन रविवार चर्चमध्ये दिलेल्या जाहीर घोषणा, लग्नाआधी करार केला की नाही, आणि शेवटी 'हजर माणसांना वाचून दाखवलं, लिहिता येत नसल्याने आम्ही सही केली' असं पाद्र्याचं वाक्य. दहा नोंदी वाचल्या की अकरावी आपोआप वाचता येते.

तारखा जोडीने येतात: ३/१५ फेब्रुवारी. पहिली जुन्या ज्युलियन पंचांगाची, दुसरी आपल्या ओळखीच्या ग्रेगोरियनची. एकोणिसाव्या शतकात अंतर १२ दिवसांचं, १९०० च्या मार्चपासून १३ दिवसांचं. झाडात दुसरी तारीख घाला आणि घातली ते लिहून ठेवा. नाहीतर एकाच मुलाचे दोन जन्म तयार होतात, आणि पुढे कुणीतरी त्यांना जुळे ठरवतो.

आता मिश्र घरांसाठी सगळ्यात महत्त्वाची खोच. रशियन लिपीत 'ह' नाही, त्याच्या जागी 'ग' लिहितात. हाउझरचा गाउझर होतो, हॉफमनचा गोफ्मान. सूची करणाऱ्याने रशियनवरून सरळ पोलिशमध्ये उतरवलं तर आडनाव 'ग'खाली जातं, आणि जर्मन किंवा ज्यू शाखा कायमची हरवते. 'ह'ने सुरू होणारं आडनाव असेल तर 'ग'नेही शोधायचंच. मूळ पानावर रशियन नावापुढे कंसात पोलिश स्पेलिंग पुष्कळदा असतं. तेच खरं धरा. नावांचेही तीन-तीन अवतार असतात. वोय्चेख हा लॅटिन वहीत आडालबेर्तुस होतो आणि जर्मन वहीत आडालबर्ट. नाव बदललं म्हणून माणूस बदलला असं नाही, आणि जर्मन नावाने नोंद आहे म्हणून तो जर्मनही नाही.

धर्माचा रकाना, जातकुळीचा नव्हे

जुन्या पोलिश नोंदीत माणसाचा पंथ लिहिलेला असतो. तो 'कोण' होता हे लिहिलेलं नसतं. हा फरक न पाळता केलेलं वंशावळीचं झाड दिसायला छान, पण आतून पोकळ.

१८०८ ते १८२५ या काळातल्या वह्या नागरी आहेत. लिहिणारा बहुतेक गावी कॅथलिक पाद्रीच, पण आत सगळे पंथ. एकाच वहीत कॅथलिक शेतकरी, लुथरन वसाहतकरी आणि 'स्तारोझाकोन्नी' असा उल्लेख असलेला ज्यू दुकानदार लागोपाठ भेटतात. १८२६ पासून प्रत्येक पंथाची वही वेगळी झाली. तरी पाद्री लांब असलेले लुथरन जवळच्या कॅथलिक पाद्र्याकडेच नोंद करायला जात. त्यामुळे कॅथलिक वहीत नाव आहे म्हणून कॅथलिक, असं धरू नका. मजकुरात पंथ लिहिलाय का ते पाहा.

गॅलिशियात, म्हणजे ऑस्ट्रियन भागात, गंमत आणखी वाढते. तिथे १८६३ मध्ये लॅटिन (म्हणजे रोमन) आणि ग्रीक कॅथलिक बिशपांत समझोता झाला: मिश्र लग्नात मुलगे बापाच्या पंथात, मुली आईच्या. म्हणजे एका आई-बापाच्या पोटची भावंडं दोन वेगळ्या चर्चांच्या वह्यांत. पुढे त्यांतला एक नातू स्वतःला पोल म्हणवतो आणि बहिणीकडचा नातू युक्रेनियन. कागदावरून दोघेही खरे.

ही भावंडं जुळवायची कशी? घर क्रमांकाने. गॅलिशियातल्या नोंदी लॅटिनमध्ये, रकान्यांत आहेत: तारीख, घर क्रमांक, नाव, धर्म, लिंग, औरस की अनौरस, आई-बाप, धर्ममायबाप. पुष्कळ ठिकाणी सुईणीचंही नाव. समजा रोमन कॅथलिक वहीत ४७ नंबरच्या घरी १८७० ते १८८५ मध्ये चार मुलगे जन्मले. मग त्याच गावाची ग्रीक कॅथलिक वही घ्यायची आणि नावं न पाहता फक्त ४७ चा रकाना वरून खाली पाहत जायचं. मुली तिथे सापडतात. आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल, बापाचं नाव इव्हान झालेलं असेल, पण घर तेच. एकच सावधगिरी: घरांना मध्येच नवे क्रमांक दिले जात. दोन-तीन शेजाऱ्यांचे क्रमांक एकाच वर्षी एकदम बदललेले दिसले तर तेच झालंय असं समजा.

पूर्व पोलंडमधल्या खेउमच्या बाजूच्या घरांत वेगळाच घोळ आहे. तिथला ग्रीक कॅथलिक धर्मप्रांत १८७५ मध्ये मोडून लोकांना ऑर्थोडॉक्स ठरवलं गेलं, आणि एप्रिल १९०५ च्या धर्मसहिष्णुतेच्या फर्मानानंतर त्यांतले पुष्कळ रोमन कॅथलिक झाले. एकाच माणसाचा जन्म एका पंथात, लग्न दुसऱ्यात, दफन तिसऱ्यात, आणि घर मात्र त्याने एकदाही सोडलेलं नाही. मिश्र विवाह समजून इथे परका पूर्वज शोधत बसू नका.

सगळ्यात दुर्लक्षित खजिना म्हणजे लग्नाच्या नोंदीला जोडलेले कागद. पोलिश यादीत 'आलेगाता' किंवा 'अनेक्सी' असं नाव शोधायचं. वर परगावचा असेल तर त्याच्या जन्मनोंदीचा उतारा, विधुर असेल तर आधीच्या बायकोच्या मृत्यूचा उतारा, परवानगीची पत्रं, हे सगळं त्यात असतं. मूळ वही जळाली तरी उतारा इथे वाचलेला असू शकतो, आणि दुसऱ्या पंथाच्या वहीकडे नेमकं बोट दाखवणारा कागद बहुतेकदा हाच. गेनेतेकात ते जवळपास येत नाहीत. सरकारी संकेतस्थळावर त्याच पॅरिशच्या संग्रहात वेगळी वही म्हणून पाहावं लागतं. सगळे स्कॅन झालेले नाहीत.

गेनेतेकाबाहेरची दुकानं

पोझनानच्या बाजूसाठी, म्हणजे जुन्या प्रशियन भागासाठी, गेनेतेका तोकडी पडते. तिथे 'पोझनान प्रोजेक्ट' (१८०० ते १८९९ ची लग्नं) आणि 'बाशिया' ही दोन साधनं सरस. बाशियात ओळीवरून थेट स्कॅनकडे जाता येतं. पोमेरेनियासाठी तिथल्या वंशावळ संघाची पोमगेनबेस. १ ऑक्टोबर १८७४ पासून प्रशियात सरकारी नोंदणी जर्मन छापील फॉर्मवर आहे, धर्म लिहिलेला, वाचायला सोपी. ज्यू शाखेसाठी जेआरआय-पोलंड या ज्यू नोंदींच्या सूचीशिवाय पान हलत नाही. तिथे गाव निवडून शोधायचं, आणि आडनाव उच्चारावर जुळवायचा पर्याय जरूर वापरायचा. १८२१ आधी पोलंडच्या राज्यात (म्हणजे रशियन ताब्यातल्या भागात) ज्यूंना ठरलेली आडनावं सक्तीची नव्हती, गॅलिशियात ती १७८७ मध्येच आली. त्यामागे जायचं तर बापाच्या नावावर चालावं लागतं, आणि तिथे कुठलीच सूची फार मदत करत नाही.

आज युक्रेनमध्ये गेलेल्या पूर्व गॅलिशियासाठी वॉर्सातलं जुन्या दस्तऐवजांचं मुख्य अभिलेखागार (आगाद) पाहायचं: संग्रह ३०१ रोमन कॅथलिक, ३०० ज्यू. ग्रीक कॅथलिक वह्या मात्र मुख्यतः ल्विवच्या अभिलेखागारात, संग्रह २०१. एका मिश्र घरासाठी दोन देशांची अभिलेखागारं, हे तिथलं रोजचंच.

लाळेची चाचणी: घ्यावी का?

घ्यावी, पण टक्क्यांसाठी नव्हे. डीएनए कंपन्यांच्या जाहिरातीत रंगीत नकाशा असतो, आणि पोलिश घरांसाठी नेमका तोच भाग सगळ्यात कच्चा. पोल, युक्रेनियन, बेलारुशियन, स्लोव्हाक, पूर्वेकडचे जर्मन ही माणसं शतकानुशतकं एकमेकांत मिसळलेली. चाचणी त्यांना नीट वेगळं करू शकत नाही. कंपनीने संदर्भगट बदलला की तुमचे टक्केही बदलतात, रक्त तेच असताना. खापरपणजोबांच्या पिढीत सोळा माणसं असतात, प्रत्येकाकडून सरासरी ६.२५ टक्के. तेव्हा '४ टक्के बाल्टिक' पाहून लिथुआनियन खापरपणजी उभी करू नका.

एक अपवाद आहे: अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यूंचा वारसा. हा गट लहान आणि आपसातच लग्नं करणारा राहिल्यामुळे त्याची खूण स्पष्ट उमटते. ६ टक्के अश्केनाझी आलं तर ते गांभीर्याने घ्यावं आणि त्या पिढीतल्या सोळा जागांपैकी कोणती रिकामी आहे ते पाहावं. त्याची दुसरी बाजूही आहे. आपसातल्या लग्नांमुळे तिथे जुळणाऱ्या माणसांची यादी फुगते, आणि दूरचा नातेवाईक जवळचा वाटतो.

खरा माल म्हणजे जुळणाऱ्या माणसांची यादी. एकच पणजोबा-पणजी असलेली दोन माणसं सरासरी २२९ सेंटीमॉर्गन (सारख्या डीएनएचं माप) वाटून घेतात, खापरपणजोबा-पणजी एक असतील तर ७३. या दुसऱ्या नात्यात दर दहांत साधारण एकाचं काहीच जुळत नाही, त्यामुळे 'जुळलं नाही' म्हणजे 'नातं नाही' असं ठरत नाही. पैसे एकाच किटचे असतील तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची लाळ घ्या, तुमची नव्हे. आजीच्या नळीत दोन अख्ख्या पिढ्या जास्त असतात. युरोपात राहिलेले भाऊबंद हवे असतील तर मायहेरिटेज कंपनीची चाचणी बरी, अमेरिकेला गेलेल्या शाखेसाठी अँसेस्ट्री. गुणसूत्रावर नेमका कुठला तुकडा जुळला ते मायहेरिटेज दाखवतं, अँसेस्ट्री दाखवत नाही.

फक्त बापाच्या ओळीची वाय चाचणी विकत घेऊन 'आर-१-ए आलं, म्हणजे स्लाव' म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. पोलंडमधल्या निम्म्याहून जास्त पुरुषांत हा वाय गुणसूत्राचा गट आहे, आणि त्याचीच झेड-९३ शाखा आशियात पसरलेली आहे. खोल शाखेपर्यंतची चाचणी नसेल तर त्या अक्षरांतून काही निघत नाही.

आडनावावरून ठरवू नका

'-स्की' म्हणजे सरदार घराणं, '-विच' म्हणजे लिथुआनियन किंवा ज्यू, महिन्यावरून आलेलं आडनाव म्हणजे बाटलेला ज्यू, ही सगळी चावडीवरची गणितं आहेत. '-स्की' लावणारे सालगडीही होते. प्रतिष्ठा पाहायची तर नोंदीतल्या विशेषणाकडे पाहा: लॅटिनमध्ये सरदाराला 'गेनेरोझुस' किंवा 'नोबिलिस', शेतकऱ्याला 'लाबोरिओझुस'. पोलिशमध्ये 'गोस्पोदाश' म्हणजे स्वतःची शेती असलेला, 'पारोबेक' म्हणजे सालगडी, 'विरोबनिक' म्हणजे रोजंदार, 'कोमोरनिक' म्हणजे दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करणारा भूमिहीन. 'कोलोनिस्ता' दिसलं तर मात्र थांबा, तो बहुधा जर्मन वसाहतकऱ्यांच्या वस्तीतला.

लोकांनी स्वतःला काय म्हटलं ते शोधायचं असेल तर इतर कागद पाहावे लागतात. अमेरिकेला जाणाऱ्या बोटींच्या याद्यांत १९०३ पासून 'वंश किंवा लोक' असा वेगळा रकाना आहे. देश रशिया, लोक पोलिश. देश ऑस्ट्रिया, लोक रुथेनियन (युक्रेनियनांचं तेव्हाचं नाव). हे उत्तर प्रवासी देत असे की कारकून त्याच्या बोलण्यावरून ठरवत असे, ते प्रत्येक ओळीगणिक वेगळं. १९३१ च्या पोलिश जनगणनेत राष्ट्रीयत्व विचारलंच नाही, मातृभाषा आणि धर्म विचारला. पोलेसिया प्रांतात ७ लाखांहून जास्त माणसांनी भाषा सांगितली 'इथली'. पोलिश नाही, बेलारुशियन नाही, युक्रेनियन नाही. इथली. अशा घरातल्या पणजोबाला आज एका देशाचं लेबल चिकटवणारं कुठलंही सॉफ्टवेअर पणजोबापेक्षा शहाणं होऊ पाहतंय.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन 'फोल्क्सलिस्ट', म्हणजे जर्मन ठरवलेल्या लोकांची यादी, हीही याच नजरेने वाचावी. सायलेशिया आणि पोमेरेनियात लाखोंची नावं दबावाखाली तिच्यात चढली. कुठल्या वर्गात, चारपैकी कितव्या, हे लिहून ठेवा, पण त्यावरून जात काढू नका. लेमको (आग्नेय पोलंडच्या डोंगरातले लोक) घरांसाठी १९४७ हे साल ध्यानात ठेवा: 'व्हिस्वा' मोहिमेत १ लाख ४० हजारांच्या आसपास माणसं आग्नेय पोलंडमधून उचलून पश्चिमेकडे विखुरली. त्यानंतरच्या नोंदी मूळ गावी शोधून हाती काही लागत नाही.

आजचा पोलिश कायदा (२००५) नऊ राष्ट्रीय आणि चार वांशिक अल्पसंख्याक मानतो. लेमको, तातार, रोमा, करायिम हे ते चार. काशुबियनला प्रादेशिक भाषेचा दर्जा आहे, सायलेशियन या याद्यांत नाही, तरी २०११ च्या जनगणनेत ८ लाखांहून जास्त लोकांनी स्वतःला सायलेशियन म्हणवलं. त्या वर्षी एकाऐवजी दोन ओळखी सांगायची सोय होती, आणि पुष्कळांनी 'पोलिश' आणि 'सायलेशियन' दोन्ही सांगितल्या. झाडातही दोन रकाने ठेवायला कुणाची हरकत नाही.

पैसे कुठे खर्च करावे

नव्या नोंदींसाठी नोंदणी कचेरीत, म्हणजे 'उशोंद स्तानू सिव्हिल्नेगो'त, अर्ज करावा लागतो. जन्माच्या वह्या तिथे १०० वर्षं, लग्न-मृत्यूच्या ८० वर्षं राहतात, मग अभिलेखागारात जातात. संक्षिप्त उतारा २२ झ्वोती, पूर्ण उतारा ३३. कुळशोधासाठी ११ झ्वोती वाचवू नका: पूर्ण उताऱ्यात जे असतं ते संक्षिप्तात बहुतेक गळतं, समासातले शेरेही. अर्ज थेट वंशजाने करावा. चुलत नातेवाइकाला कायदेशीर गरज दाखवावी लागते.

पैसे घेऊन शोध करणाऱ्या माणसाला काम देणार असाल तर तीन गोष्टी आधी लेखी घ्या: प्रत्येक नोंदीचा वहीपर्यंतचा पूर्ण क्रमांक, मूळ पानाचं चित्र, आणि कुठल्या वह्या पाहून काहीच मिळालं नाही त्यांची यादी. तिसरी गोष्ट बहुतेकजण देत नाहीत आणि मागणारेही थोडे. ती नसेल तर पुढच्या वर्षी त्याच वह्या पुन्हा पाहायचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. आणि मिश्र घर असेल तर कामाच्या वर्णनात 'कॅथलिक पॅरिश' असं न लिहिता 'गावातल्या सर्व पंथांच्या वह्या' असं लिहा.